हिरवा दिवा

"पॅडवर भरवसा ठेवू नको. आत जुन्या सुती साडीच्या चार घड्या घाल, वर गडद रंगाचं नेस, आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलंस की झालं म्हणून सांग. त्यापुढचं कुणी विचारत नाही."

सासूबाई हे बोलल्या त्याला बावीस वर्षं झाली. नव्या नवरीला न्हाणीच्या दाराशी गाठून, आवाज खाली घेऊन, आमटीचं प्रमाण सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं होतं. त्रिशला मगदूमला आज त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता. चारही घड्या भिजल्या होत्या, आणि पहाटेचे तीन वाजायला अजून दहा मिनिटं होती.

ती हलली नाही. हलायचं नसतं, हे तिला पाठ होतं. कुशीवर निजायचं, पाय एकमेकांवर घट्ट ठेवायचे, खाली मेणकापड, त्यावर काळी चादर. कूस बदलली की आत साचलेलं एकदम सुटतं. उठायचं तर आधी टॉवेल मांड्यांत धरायचा, मग एका दमात उठायचं आणि न्हाणीपर्यंतची अकरा पावलं न थांबता टाकायची. नवरा भरतेश सूतगिरणीत रातपाळीला होता, तेवढी एक मोकळीक होती. तिने टॉवेल घेतला, उठून बसली, आणि समोरची भिंत हळूच एका बाजूला कलली. ती परत आडवी झाली. तोंड कोरडं पडलं होतं. उशाशी तांब्या होता, पण तो रिकामाच असायचा. सूर्यास्तानंतर या घरात पाण्याचा थेंब कुणाच्या तोंडात जात नसे.

मनगटावरच्या पट्टीचा दिवा मात्र शांतपणे हिरवा होता.

त्या पट्टीला आणि तिच्या जोडीच्या दोन वस्तूंना मिळून गावात 'राखण' म्हणत. आरोग्य केंद्राने ती तीन वर्षांपूर्वी वाटली, तेव्हा शिरोळच्या त्या भागात दर दुसऱ्या बाईच्या अंगात रक्त कमी होतं. पहिली वस्तू म्हणजे आतून लावायचं पातळ कापडी अस्तर. त्याच्या सुतात केसाहून बारीक कार्बनचे तंतू विणलेले असत. कोरड्या सुतातून वीज वाहत नाही. रक्तात मीठ असतं, त्याने सूत भिजलं की वाहते. पण घामानेही तेच होतं, म्हणून त्या तंतूंच्या शेजारून काचेचा एक धागा नेलेला होता आणि त्यातून सतत मंद उजेड खेळत असे. रक्ताला लाल करणारं जे लोहाचं द्रव्य आहे, ते त्या उजेडातले ठरावीक रंग पिऊन टाकतं. किती उजेड गेला आणि किती उरला, यावरून तासाला किती मिलिलीटर रक्त जातंय ते राखणीला कळे. सगळ्या पाळीत मिळून ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त. त्रिशलाचं दर महिन्याला दोनशेच्या पुढे जाई. गर्भाशयात लिंबाएवढी गाठ आहे, काढून टाका, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. तिने चातुर्मास संपू दे म्हटलं होतं.

दुसरी वस्तू ही मनगटाची पट्टी. ती नाडी मोजायची आणि दिवा दाखवायची. आणि तिसरी दंडावरची चकती, जुन्या रुपयाएवढी. रक्त थांबवायला शरीर जी गुठळी बांधतं, ती विरघळू न देणारं औषध तिच्यात भरलेलं असे. पूर्वी त्याच्या मोठाल्या गोळ्या दिवसातून तीनदा गिळाव्या लागत. नव्या औषधाचा कणही पुरे होई, आणि तो चकतीखालच्या शंभर बारीक सुयांतून कातडीत उतरे.

पहिल्या वर्षी ही चकती इथल्या बायका सूर्य मावळायच्या आधी काढून ठेवत. रात्री अन्न नाही, पाणी नाही, औषध नाही, हा त्यांचा नियम. त्रिशलाने तो एकोणिसाव्या वर्षी घेतला होता आणि तापातही मोडला नव्हता. बनवणाऱ्यांनी मग राखणीत 'व्रताची वेळ' घातली. मागच्या महिन्यांच्या आणि त्या दिवसाच्या नोंदींवरून राखण येणाऱ्या रात्रीचा अंदाज बांधे, लागेल तेवढं औषध सूर्यास्ताआधीच देऊन टाके, आणि चकतीला कुलूप घाली. कुलूप कुणी उघडायचं? ज्यांच्यासमोर नियम पाळायचा त्यांनीच, असं बायकांनीच सांगितलं. त्रिशलाने सासूबाईंचा अंगठा नोंदवला होता. यंत्राच्या भाषेत त्या तिच्या सोबतीण होत्या.

इथवर सगळं भल्यासाठीच होतं. पण अस्तर बारा तास कोरडं राहिलं की दिवा हिरवा व्हायचा, आणि गावाने त्या दिव्याला दुसरंच काम लावलं.

चार दिवसांपूर्वी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, आवारात आहाराच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी, आर्यिका माताजी, रोज एका घरी, दिवसातून एकदाच, ओंजळीत आहार घेत. त्या घराने चौका लावायचा, म्हणजे विहिरीचं पाणी गाळून घ्यायचं, घरी दळलेलं पीठ वापरायचं, सगळं शुद्ध राखायचं.

"त्रिशले, तुझ्या घरची निघाली बघ," शकुंतलावैनी चिठ्ठी उलगडत म्हणाल्या. महिला मंडळाचं सगळं त्याच बघत. "रविवारी माताजी तुमच्याकडं. किती वर्षांनी गं?"

"अकरा, वैनी. आईंचे गुडघे गेल्यापासनं नाही."

"म्हातारीला बरं वाटंल. दिवा हिरवा आहे न्हवं तेवढा?"

त्रिशलाने मनगट पुढे केलं. दिवा पिवळा होता. पाळीचा चौथा दिवस.

"हुईल की उद्या. रविवार लांब आहे," वैनी म्हणाल्या. "आमच्या वेळेला नुसत्या तोंडावर चालायचं. कोण खरं, कोण खोटं, भगवंताला ठाऊक. आता यंत्र सांगतंय ते बरं झालं."

"वैनी, तुमचा कधी पिवळा बघितला नाही हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझा आता कायमचा हिरवा गं बाई. मेल्यावर पण हिरवाच राहील."

सगळ्या हसल्या. त्रिशलाही हसली. घरी येऊन तिने सासूबाईंना सांगितलं, तेव्हा राजमतीबाई लगेच उठल्या. काठी टेकत माळ्याखाली गेल्या, चौक्याचा पितळी कलश काढायला लावला, आणि दुपारभर ओट्यावर बसून चिंचेने घासत राहिल्या.

पाचव्या दिवशी रक्त थांबलं नाही. उलट वाढलं. आणि त्रिशलाला न्हाणीच्या दारातला तो जुना आवाज आठवला. तिने कपाटातून सुती साडीच्या घड्या काढल्या, त्या आत लावल्या आणि राखणीचं अस्तर त्यांच्या बाहेरून लावलं. अंगाची ऊब त्याला लागत होती, म्हणजे ते लावलेलं आहे एवढं यंत्राला कळत होतं. रक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. दर दोन तासांनी ती न्हाणीत जाऊन घड्या बदलायची. संध्याकाळी दिवा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी तिने डोक्यावरून अंघोळ केली, गहू निवडले, जात्यावर बसली. राखणीने रात्रीचा अंदाज बांधला: कोरडी. सूर्यास्ताआधी औषधाचा कणही सोडला नाही. सलग तीन संध्याकाळी हेच झालं. जप करताना मात्र तिचा हात माळेच्या एकाच मण्यावर अडून राहायचा.

आज आठवा दिवस. उजाडलं की रविवार.

दिवा पिवळा झाला. तिच्या डोळ्यांदेखत तो लाल झाला, आणि उशाशी ठेवलेला फोन बाईच्या हलक्या आवाजात बोलू लागला.

"त्रिशला, दहा मिनिटांत चाळीस मिलिलीटर रक्त गेलं आहे. या पाळीचं एकूण एकशे दहा. आत्ता धोका कमी दिसतो. पडून राहा, मी बघते आहे."

घड्यांतून वाहून जे बाहेर आलं तेवढंच राखणीला दिसलं होतं. मधल्या तीन दिवसांचं तिने न्हाणीत धुऊन टाकलं होतं, ते कुठे नव्हतंच.

"नाडी एकशे अठ्ठावीस आहे," आवाज पुन्हा आला. "नोंदीतलं रक्त पाहता एवढी नसावी. नोंदीबाहेर रक्त गेलं आहे का? हो किंवा नाही म्हणा. उत्तर तुमच्या सोबतिणीला कळवलं जाईल."

भिंतीपलीकडे सासूबाई झोपल्या होत्या. घासलेला कलश त्यांनी उशाशी घेतला होता.

"नाही," त्रिशला म्हणाली.

"ठीक आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारते."

ती उठली. न्हाणीत जायचं, घड्या बदलायच्या, थंड पाणी पायांवर घ्यायचं, तीन तास काढायचे. सव्वासहाला सूर्य उगवेल, मग चकती आपोआप उघडेल, कुणाला काही कळायचं नाही. चौका शकुंतलावैनींकडे देऊ, ताप आला म्हणून सांगू. तिने पावलं मोजली. पाच. सहा. सातवं पाऊल तिने टाकलं की नाही हे तिला कळलं नाही, कारण पुढच्या क्षणी ती जमिनीवर बसलेली होती, पाठ भिंतीला आणि हात फरशीवर. फरशी ओली आणि कोमट होती. कानांत गिरणीसारखी घरघर होती. बोटं बघितली तर नखं मेणाची वाटत होती.

तिने ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र सुरू केला. शेवटच्या ओळीत जगातल्या सगळ्या साधूंना नमस्कार आहे. तिथे येताच तिला माताजींची ओंजळ दिसली. कोपरे जोडलेली, बोटं जुळवलेली, आणि त्या ओंजळीत पाणी ओतणारे हे स्वतःचे हात. एवढ्या निर्धास्तपणे कुणी आपल्यापुढे हात पसरावे, आणि आपण हे करावं. ती ओळ तिने तीनदा सुरू केली आणि तीनदा तिथेच थांबली.

"पंधरा मिनिटं झाली," फोन खाटेवरून म्हणाला. "नाडी एकशे बेचाळीस. नोंदीबाहेर रक्त गेलं आहे का?"

"हो." आवाज फुटला नाही म्हणून ती पुन्हा म्हणाली, "हो. तीन दिवस. अस्तर बाहेरून लावलं होतं."

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. मग काठीचा आवाज, मग दोन्ही गुडघ्यांचे उसासे, आणि दारात राजमतीबाई. त्यांनी दिवा लावला. फरशीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"कितवा दिवस?"

"आठवा. आई, मी खोटं…"

"ते मागनं. अंगठा कुठं लावायचा?"

फोन बोलत होता. "नव्या माहितीवरून एकूण साडेतीनशेच्या पुढे असावं. चकती आत्ताच उघडावी. रुग्णवाहिका निघाली आहे, पस्तीस मिनिटं लागतील."

"सूर्य उगवायला तीनच तास आहेत," त्रिशला म्हणाली. "तोवर थांबलं तर…"

"ऐकतीस न्हवं ती काय म्हणते? थांब म्हणत नाही."

"माझा नियम मोडेल, आई. सत्तावीस वर्षं झाली."

"कुलूप कुणापाशी दिलंयस?"

त्रिशलाने त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं.

"माझ्यापाशी. मग मोडलं तर ते माझं. तुझं नव्हं." काठी भिंतीला टेकवून राजमतीबाई जमिनीवर बसल्या. कधी बसल्या नव्हत्या अशा, धपकन. त्यांनी अंगठा चकतीवर दाबला.

"ओळख पटत नाही," फोन म्हणाला.

पदराने पुसून पुन्हा दाबला. ओळख पटत नाही. साठ वर्षं राख, चिंच आणि जात्याचा खुंटा यांनी त्या अंगठ्यावरच्या रेषा जवळजवळ पुसून टाकल्या होत्या, आणि जे उरलं होतं ते कोरड्या पानासारखं झालं होतं.

"बोट ओलसर करून लावा. आणखी दोन प्रयत्न शिल्लक आहेत. त्यानंतर दहा मिनिटं थांबावं लागेल."

ओलसर. खोलीत पाणी नव्हतं. न्हाणी चार पावलांवर होती, पण राजमतीबाईंना जमिनीवरून उठायलाच पाच मिनिटं लागली असती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि सुनेच्या कपाळावर ठेवला. त्रिशलाचं कपाळ घामाने थबथबलं होतं. बावीस वर्षांत या दिवसांत त्यांनी तिला बोटही लावलं नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा जमिनीवर ठेवून सरकवायच्या. आता त्यांनी अंगठा तिच्या भुवईवरून सावकाश फिरवला, जसं काही कुंकू रेखावं, आणि तो चकतीवर टेकवला.

चकतीतून बारीक टक् असा आवाज आला. दंडावर मुंग्या चावल्यासारखं झालं.

"उघडली," फोन म्हणाला. "वीस मिनिटांत परिणाम दिसेल. पाय उंच ठेवा."

राजमतीबाईंनी तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. पातळ भिजत गेलं, त्यांनी तिकडे बघितलं नाही. वीस मिनिटं म्हणजे किती, हे त्या खोलीत कुणालाच सांगता आलं नसतं.

"निजू नको," राजमतीबाई म्हणाल्या. "बोल काहीतरी."

"तुम्हीच बोला."

"मी काय बोलू?" त्या थांबल्या. "ही घड्यांची गोष्ट तुला मीच सांगितली होती. आठवतंय?"

"आज सारखं आठवतंय."

"मला नऊ-नऊ दिवस जायचं. सासू कडक. नऊ दिवस बाजूला बसलीस तर भांडी कोण घासंल म्हणायची, आणि सहाव्या दिवशी हात लावला तर विटाळ केलास म्हणायची. मग मी पाचव्याला झालं म्हणायला लागले. तीस वर्षं. बस्तीत अभिषेकाला उभी राहिले. मुनिमहाराजांना आहार दिला. दोनदा." त्यांचा आवाज वाढला नाही. "तवा दिवा नव्हता, म्हणून निभावलं. पोरी, मला वाटलं मी तुला सोय करून देत्येय."

त्रिशलाने त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"तासाला पंचवीस," फोन म्हणाला. "उतरतं आहे."

"सकाळी माताजी निघतील," त्रिशला कशीबशी म्हणाली. "आपल्या दाराशी येतील. मी जात्यावर बसले होते. पिठाला हात लावलाय. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगीन."

"तुम्हाला दारातल्या दोन पायऱ्या उतरवत नाहीत, आई. दोन वर्षं झाली."

"सांगीन म्हटलं न्हवं. तुझं सांगीन, आणि माझं पण सांगीन. त्या देतील ते प्रायश्चित्त घेईन. तू एक कर. ती गाठ काढून घे. चातुर्मास संपायची वाट बघायची नाही."

"हो."

"नुसतं हो नको. हातावर हात ठेव."

तिने ठेवला. दोन्ही हात चिकट झाले होते.

"आणि ते पीठ?"

"घरात खाऊ. भरतेशला काय, दोन चपात्या जास्त जातील."

"तासाला बारा," फोन म्हणाला. "उतरतं आहे."

रुग्णवाहिका आली तेव्हा चार वाजायला आले होते. नर्स रुबीना आत आली, फरशीवरचं बघून थेट खाली बसली. शीर शोधली, सलाइन लावलं, मग अस्तर कुठून लावलंय ते बघून मान हलवली.

"हिरवा करून ठेवलावता व्हय? या आठवड्यात तुम्ही तिसऱ्या." ती चिकटपट्टी दाताने तोडत होती. "एकीला अंगारकीचा उपास होता, एकीच्या घरात लगीन. मी वर लिहून पाठवलंय, तो दिवाच काढून टाका म्हणून. बघू."

"पाणी देऊ का थोडं?" मागून आलेल्या ड्रायव्हरने विचारलं.

"नको त्यांना," रुबीना म्हणाली. "मी शिरंतनं देत्येय. उजाडल्यावर पितील."

न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तांब्यामागून तांब्या, गार पाण्याचा, घाईने. स्ट्रेचर दाराशी नेईपर्यंत राजमतीबाई बाहेर आल्या होत्या. केस ओले, अंगावर पांढरं धुवट पातळ. देवघरातल्या डब्यातून त्यांनी वाहायला मूठभर तांदूळ घेतले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"आज्जी, बसा की गाडीत. तुमचा ल्योक तिकडंच येणार आहे दवाखान्यात," रुबीना म्हणाली.

"मला दुसऱ्या वाटंनं जायचंय."

"एवढ्या पहाटे?"

"माताजी चारला उठतात. त्यांचं सामायिकाचं ध्यान होईस्तोवर पायरीवर बसीन."

स्ट्रेचर गाडीत चढलं. मागचं दार लावायला ड्रायव्हर वळला, तेव्हा त्रिशलाने त्याला मान हलवून थांबवलं. चादरीवर तिचं मनगट होतं आणि दिवा अजून लाल होता. रोजच्या सवयीने बाही ओढून घ्यायला हात गेला. तिने तो मागे घेतला.

समोर घराच्या दारात राजमतीबाईंनी कडी घातली. चपला त्यांनी घेतल्या नव्हत्या. पहिल्या पायरीवर त्या काठी धरून उभ्या राहिल्या, गुडघा वाकेना, तेव्हा सरळ खाली बसल्या. बसल्याबसल्याच एक पायरी उतरल्या, मग दुसरी. भिंतीला हात लावून उठल्या. पदराची गाठ चाचपून बघितली, गाडीकडे एकदाही न बघता डावीकडे वळल्या आणि बस्तीच्या रस्त्याला लागल्या.